धावणाऱ्यांचं स्ट्रेचिंग: कधी ताणावं, किती ताणावं आणि कुठे ताणूच नये

मांडवीकाठ (पणजी)

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली, पाऊस ओसरला की मिरामार ते दोनापावल रस्त्यावर सकाळची गर्दी वाढते. काहींची डिसेंबरातल्या वास्कोच्या रिव्हर मॅरेथॉनची तयारी चालू असते, काही पहिल्यांदाच धावायला उतरलेले असतात. नव्या मंडळींचा पहिला प्रश्न दर वर्षी तोच: "आधी स्ट्रेचिंग किती करायचं?" आणि मिळणारं उत्तरही ठरलेलं. कठड्यावर टाच ठेव, वाक, अंगठा धर, मोजत राहा, मग पळ. स्कूटरवरून उतरल्या उतरल्या, अंग थंड असताना.

मला हे उत्तर बदलायला हवं असं मनापासून वाटतं, म्हणून हा धागा काढतोय. आधी माझं म्हणणं मांडतो, मग जाणकारांनी भर घालावी, खोडायचं ते खोडावं.

धावण्याआधी एका जागी उभं राहून ताण धरल्याने दुखापती टळतात, याला पुरावा मिळत नाही. २००० साली ऑस्ट्रेलियन सैन्यात नव्याने भरती झालेल्या १,५३८ जवानांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांच्या प्रशिक्षणात निम्म्यांनी व्यायामाआधी पायांच्या सहा स्नायूगटांचं स्ट्रेचिंग केलं, बाकीच्यांनी केलं नाही. पायांच्या दुखापतींत सांगण्यासारखा फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणंही स्ट्रेचिंगने फारसं कमी होत नाही. २०११ साली अनेक प्रयोग एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात हा फायदा १०० गुणांच्या मोजपट्टीवर जेमतेम एक गुण निघाला.

असं का, ते विचार केला तर पटतं. आपण साध्या वेगाने धावतो तेव्हा मांडीचा किंवा पोटरीचा स्नायू आपल्या कमाल लांबीपर्यंत जातच नाही. धावणाऱ्यांची बहुतेक दुखणी भाराची असतात. हाड, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी) किंवा स्नायू यांना झीज भरून काढायला जेवढा वेळ लागतो, त्याआधीच आपण पुन्हा भार टाकतो. स्नायू दोन बोटं जास्त लांबला म्हणून तो भार कमी होत नाही.

शिवाय एकेक स्नायू मिनिटापेक्षा जास्त वेळ ताणून धरला तर त्याची ताकद काही काळ थोडी घटते. म्हणजे शर्यतीच्या रेषेवर उभं राहून लांबलचक ताण देणं हे उलट कामाचं.

मग आधी काय? पाच मिनिटं झपझप चालणं, पाच मिनिटं गप्पा मारता येतील इतकं हळू धावणं, त्यानंतर हालचालीतलं स्ट्रेचिंग: पाय पुढेमागे आणि आडवे झुलवणं, चालत चालत लंजेस (एक पाय लांब पुढे टाकून गुडघे वाकवणं), गुडघे उचलून चालणं, टाचा मागे मारणं, घोटे फिरवणं. घाम फुटायला लागला की अंग तयार आहे असं समजावं. आपल्याकडे दमट हवेत घाम लवकर येतो, पण नुसतं उभं राहून आलेला घाम यात धरू नका.

स्ट्रेचिंग सोडून द्या असं मी म्हणत नाही. त्याची जागा धावून झाल्यावर किंवा संध्याकाळी घरी आहे, आणि काही दुखण्यांत ते औषधासारखं लागू पडतं. ती दुखणी कोणती, यावर फिजिओ मंडळींनी लिहावं ही विनंती.

शाळामास्तर (पेडणे)

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि वरचं सगळं मला मान्य नाही. असं लिहिलेलं वाचून मुलं लगेच म्हणतात, "सर, स्ट्रेचिंगचा उपयोग नाही." कबड्डीत पकड सोडवून रेषेकडे झेपावणाऱ्या मुलाला, अडथळ्यांच्या शर्यतीत पाय टाकणाऱ्या मुलीला जांघेची आणि मांडीची मोकळीक लागतेच. आजची मुलं तासन्‌तास बाकावर बसतात, घरी गेली की मोबाइल घेऊन पुन्हा बसतात. कित्येकांना उकिडवं बसताना टाच टेकवता येत नाही. त्यांचे घोटे आखडलेले असतात. अशा मुलांना ताण द्यायला मी शिकवतो आणि पुढेही शिकवणार. लांब पळणाऱ्या प्रौढांचा नियम मैदानावरच्या प्रत्येकाला लावू नये.

मांडवीकाठ

मास्तर, तुमचा मुद्दा रास्त आहे. अडथळ्यांची शर्यत, जिम्नॅस्टिक, नृत्य, कबड्डी यांत सांधा शेवटपर्यंत न्यावा लागतो, तिथे लवचिकता ही त्या खेळाचीच गरज आहे. माझं म्हणणं रस्त्यावर लांब धावणाऱ्यांपुरतं आहे. सरावाआधी मुलांकडून १५-२० सेकंदांचे छोटे ताण करून घेतले आणि मग उड्या, धाव, दिशा बदलणं असं सगळं झालं तर ताकद घटण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. अडचण लांब ताण धरून लगेच वेगात पळण्यात आहे.

फिजिओ_फोंडा

नमस्कार. फोंड्याला माझी प्रॅक्टिस आहे, धावणारे पेशंट बरेच येतात. मांडवीकाठ यांनी लिहिलंय ते बरोबर आहे. कसं ताणायचं आणि कुठे नाही, ते मी सांगते. वेळ काढून लिहितेय, कारण याच बाबतीत लोक स्वतःला जास्त इजा करून घेतात.

पोटरीपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त घाईत उरकली जाते ती हीच. पोटरीत मुख्य दोन स्नायू. वरचा गॅस्ट्रॉक्निमियस, तो गुडघ्याच्या वरून सुरू होतो. त्याच्या खालचा सोलियस, तो गुडघ्याच्या खालून सुरू होतो. दोघं मिळून टाचेमागच्या अकिलीस कंडरेत उतरतात. म्हणून एकाच पद्धतीने ताणलं तर एकाच स्नायूला न्याय मिळतो.

पहिला प्रकार: दोन्ही हात भिंतीला, एक पाय मागे. मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, पाऊल समोर. पाऊल बाहेर वळू देऊ नका, वळलं की तळव्याची कमान खाली बसते आणि ताण भलतीकडे जातो. आता कंबर भिंतीकडे न्या. पोटरीच्या वरच्या फुगीर भागात ओढ जाणवली पाहिजे.

दुसरा प्रकार: तोच पाय थोडा पुढे घ्या, टाच तशीच टेकलेली, पण गुडघा वाकवा. ओढ खाली सरकेल. हा सोलियस. धावताना सगळ्यात जास्त भार घेणाऱ्या स्नायूंपैकी हा एक, आणि यालाच लोक विसरतात.

मांडीच्या मागच्या भागासाठी उभं राहून वाकू नका. बहुतेक जण त्यात कंबरच वाकवतात आणि मांडी तशीच राहते. पाठीवर झोपा, तळव्याला टॉवेल अडकवा, पाय वर घ्या, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. दुसरा पाय जमिनीवर लांब. कंबरेला काही त्रास होत नाही आणि ताण हवा तिथेच मिळतो.

जांघेच्या पुढच्या भागासाठी एक गुडघा जमिनीवर टेका, दुसरा पाय पुढे. पुढे झुकण्याआधी टेकलेल्या बाजूचा कुल्ला आवळा आणि ओटीपोट आत घ्या. एवढं केलं की बहुतेकांना तिथेच ताण जाणवतो, पुढे झुकायची गरजच पडत नाही. कंबर मागे कमानीसारखी गेली तर ताण निसटला असं समजा.

प्रत्येक ताण ३० सेकंद. १९९४ सालच्या एका अभ्यासात मांडीच्या मागच्या स्नायूला ३० सेकंद आणि ६० सेकंद यांत फरक आढळला नाही, तेव्हा जास्त धरून बसण्यात अर्थ नाही. दोन ते चार वेळा. श्वास चालू. हिसके नाहीत, उसळ्या नाहीत. दहापैकी तीन-चार एवढीच ओढ. चेहरा आक्रसला, श्वास रोखला गेला, तर तुम्ही पुढे गेलात. ओढ स्नायूच्या पोटात जाणवावी. सांध्यात टोचलं, हाडाजवळ चमक आली किंवा पायात मुंग्या उतरल्या, तर लगेच सोडा. मुंग्या म्हणजे तुम्ही मज्जातंतू ताणताय, आणि मज्जातंतूला स्थिर ताण आवडत नाही.

आता कुठे ताणू नये.

टाचेच्या हाडाला अकिलीस जिथे चिकटते, नेमकं तिथे दुखत असेल तर पायरीवरून टाच खाली सोडून दिलेला खोल ताण दुखणं वाढवतो. घोटा जेवढा वर वाकतो तेवढी कंडरा टाचेच्या हाडावर दाबली जाते. रहाटावरून जाणारी दोरी वळणाच्या जागी कातते, तसंच. पेशंटला मात्र वाटतं, आखडलंय म्हणून दुखतंय, आणखी ताणूया.

हीच गोष्ट कुल्ल्याखाली, बसण्याच्या हाडाशी दुखतं त्यांची. लाकडी बाकावर किंवा गाडीच्या सीटवर बराच वेळ बसलं की दुखतं, चढावर दुखतं, पुढे वाकलं की दुखतं. ती मांडीच्या मागच्या कंडरेची वरची टोकाची जागा. कठड्यावर पाय ठेवून वाकणं हा यातला सगळ्यात वाईट उपाय. इथे ताण थांबवून हळूहळू ताकद वाढवायची असते.

धावताना स्नायूत सटकन चमक येऊन थांबावं लागलं, दुसऱ्या दिवशी निळं पडलं, तर तो स्नायू फाटलेला आहे. पहिले काही दिवस जोराचा ताण नाही, मालिश नाही. दुखणार नाही इतकी हलकी हालचाल चालेल.

आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतं तो लांब पट्टा, आयटी बँड. तो स्नायू नाही, जाड चिवट पडदा आहे. तो ताणून लांब होत नाही. पाय आडवे टाकून कितीही वाका. तिथे खुब्याच्या बाजूचे स्नायू बळकट करणं, काही काळ उतार टाळणं आणि अंतर कमी करणं हे कामाचं. खुब्याभोवतीच्या स्नायूंना ताण देऊन बरं वाटत असेल तर जरूर द्या, पण पट्टा लांबेल या आशेवर राहू नका.

खाजनवाट (दिवाडी)

फिजिओताई, देव बरें करूं. असं सविस्तर मराठीत कुठे वाचायला मिळत नाही.

माझा प्रश्न टाचेखालचा आहे. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेखाली खिळा रुतल्यासारखं होतं, चार पावलं चालले की कमी होतं. दिवसभर ठीक. मी खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बांधावरून मानशीपर्यंत (पाणी अडवायच्या दारापर्यंत) धावते. माती मऊ आहे, पण बांध अरुंद आणि एका अंगाला कललेला. घरी सगळे सांगतात, पाय गरम पाण्यात ठेव आणि विश्रांती घे. इथे ताणणं चालेल का? की हेही "ताणू नये" मध्ये येतं?

फिजिओ_फोंडा

इथे ताणणं चालतं आणि उपयोगीही पडतं. वर्णनावरून प्लांटर फॅसायटिस वाटतो, म्हणजे तळव्याच्या कमानीखालचा पडदा टाचेला चिकटतो तिथलं दुखणं. तपासून घ्याच, पण हे सुरू करायला हरकत नाही.

अंथरुणातून पाय खाली ठेवण्याआधी बसूनच करा. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर आडवा घ्या. हाताने पायाची बोटं नडगीकडे मागे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्यावर दाबून बघा, मधली दोरी ताठ लागली पाहिजे. १० सेकंद धरा, १० वेळा. दिवसातून तीनदा, पहिली वेळ मात्र चुकवू नका. २००३ सालच्या एका चाचणीत हा ताण नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा जास्त उपयोगी ठरला होता.

त्याच्या जोडीला ताकदीचा व्यायाम. पायरीच्या काठावर एका पायाने उभ्या राहा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे बोटं वर वाकलेली राहतात. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद तिथेच, तीन सेकंदांत खाली. आधाराला भिंत. एक दिवसाआड. २०१५ साली डेन्मार्कमध्ये हा व्यायाम आणि ताण यांची तुलना झाली. तीन महिन्यांनी व्यायाम करणाऱ्यांना जास्त आराम होता, वर्षभराने दोन्ही गट सारखे. म्हणजे दोन्हींनी बरं वाटतं, व्यायामाने लवकर. एका पायाने जमत नसेल तर दोन्ही पायांनी सुरू करा.

पूर्ण विश्रांतीची गरज सहसा नसते. अंतर कमी करा. कललेल्या बांधाऐवजी काही दिवस सपाट रस्ता धरा. घरात गुळगुळीत लादीवर अनवाणी फिरू नका, चपला घाला. आपल्याकडे घरात चपला घालायला कोणी तयार होत नाही, पण या दुखण्यात त्याचा फरक पडतो.

लाटेकाठी (बाणावली)

कललेल्या जमिनीचा विषय निघाला म्हणून किनाऱ्याबद्दल लिहितो. कोलवा-बाणावलीची वाळू बघून बाहेरून आलेली माणसं पहिल्याच दिवशी अनवाणी लांब धावतात आणि दुसऱ्या दिवशी पोटरी धरून बसतात. तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

मऊ वाळूत टाच रुतते, त्यामुळे प्रत्येक पावलाला पोटरी आणि अकिलीस जास्त काम करतात. त्यात बूट काढले की भार आणखी पोटरीकडे सरकतो. म्हणून ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर धावा. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही, आदल्या रात्री बघून ठेवायची.

दुसरं, किनाऱ्याला पाण्याकडे उतार असतो. समुद्राकडचा पाय खाली, वरचा पाय वर. गेलात तसेच परत आलात तर दोन्ही पायांना सारखी पाळी मिळते. एका बाजूने जाऊन रस्त्याने रिक्षा करून परत यायची सवय असेल तर तो फरक एकाच पायावर पडत राहतो.

तिसरं, सुरुवात अगदी थोड्या अंतराने करा आणि उरलेलं बूट घालून रस्त्यावर पूर्ण करा. धावून झाल्यावर भिंत नसते, तेव्हा पोटरीचे ते दोन ताण मी होडीला हात टेकून देतो. मच्छीमार बांधवांना विचारून, ओल्या जाळ्यांपासून लांब.

सासष्टीकर

साठी उलटली आहे. फातोर्ड्याच्या बाजूला सकाळी चालतो, मध्ये मध्ये धावतो. आमच्या पिढीची सगळी तयारी सूर्यनमस्कारांवर झाली. ते स्ट्रेचिंगमध्ये धरायचे की वॉर्म-अपमध्ये? पत्नीही माझ्याबरोबर योगासनं करते, तिला हाडं विरळ झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय. तिने पश्चिमोत्तानासन करावं का?

फिजिओ_फोंडा

काका, सूर्यनमस्कार श्वासाबरोबर, न थांबता घातले तर उत्तम वॉर्म-अप होतो. खांद्यापासून घोट्यापर्यंत सगळं हलतं. पहिले काही अगदी संथ घाला, कारण सकाळी उठल्यावर पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या पाण्याने फुगलेल्या असतात आणि खोल वाकणं त्यांना जड जातं. उठल्यावर लगेच नको, थोडं हिंडून-फिरून मग. सूर्यनमस्कारांनंतर लगेच वेग धरू नका, पाच मिनिटं तरी चाला. साठीनंतर स्थिर ताण थोडा जास्त वेळ, ३० ते ६० सेकंद, दिला तरी चालतो.

काकूंबद्दल मात्र स्पष्ट सांगते. हाडं विरळ असताना पाठ गोल करून खोल पुढे वाकणं टाळावं. मणक्यांचा पुढचा भाग दबून मोडण्याची भीती असते. पश्चिमोत्तानासन आणि हलासन बाजूला ठेवा. पाठीवर झोपून टॉवेलने पाय वर घेण्याचा ताण द्यावा, त्यात पाठ सरळ राहते. भिंतीला धरून टाचा उचलणं, खुर्चीवरून उठणं-बसणं हे त्यांच्या हाडांना जास्त हवं आहे. तोल सांभाळण्याचे व्यायामही रोज करू देत.

आल्तिनोचढ (पणजी)

आल्तिनोचा चढ रोजचा असल्यामुळे अकिलीसच्या दुखण्याशी इथल्या बऱ्याच जणांची ओळख आहे. टाचेच्या हाडावर नव्हे, त्याच्या चार बोटं वर, कंडरेच्या मध्यावर दुखतं, चिमटीत धरलं तर जाड लागतं, तो प्रकार. त्यासाठी पायरीवरून टाच हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम आहे, तो इथे नोंदवतो. स्वीडनमधले सर्जन हकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडला. दोन्ही पायांनी वर जायचं, दुखऱ्या पायाने सावकाश खाली यायचं. १५ वेळा, तीन फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून. मग तेवढंच गुडघा वाकवून. सकाळी आणि संध्याकाळी. १२ आठवडे, रोज. सोपं वाटलं की पाठीवर पिशवी घेऊन वजन वाढवायचं.

हे दिसायला स्ट्रेचिंगसारखं आहे, पण काम भाराचं आहे. लोक दोन आठवडे करतात आणि सोडतात. कंडरा सावकाश बदलते. चिऱ्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ असतं, तेव्हा घरातल्या कोरड्या पायरीवरच करा आणि कठडा धरा.

फिजिओ_फोंडा

चांगलं नोंदवलंत. दोन पुरवण्या. दुखणं टाचेच्या हाडालाच असेल तर पायरीच्या खाली जायचं नाही, सपाट जमिनीपर्यंतच. आणि रोज एवढ्या संख्येने ज्यांना जमत नाही त्यांना आठवड्यातून तीनदा, जास्त वजन घेऊन, संथ लयीत वर-खाली केलं तरी तुलनेने तेवढाच फायदा दिसतो. ज्याला जे चिकाटीने जमेल ते त्याने घ्यावं.

पहिली_हाफ (वास्को)

मी डिसेंबरच्या २१ किमीसाठी नाव घातलंय. उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर साधारण वीतभर अंतरावर दुखतं. आधी धावताना सुरुवातीलाच दुखायचं आणि नंतर थांबायचं. आता धावून झाल्यावरही दुखतं आणि काल रात्री झोपेतही जाणवलं. एका बोटाने जागा दाखवता येते. नेटवरून घेतलेल्या वेळापत्रकात मागच्या रविवारी एकदम १५ किमी होते, त्याआधी मी ९ पर्यंत गेले होते. नडगीचं कोणतं स्ट्रेचिंग करू?

फिजिओ_फोंडा

तू कोणतंही स्ट्रेचिंग करू नकोस. धावणं आजच थांबव.

नडगीचं साधं दुखणं हाडाच्या कडेने लांबवर पसरलेलं असतं, हाताने चोळत दाखवावं लागतं. एका बोटावर मावणारं, रात्री झोपेत जाणवणारं, आणि दिवसेंदिवस लवकर सुरू होऊन उशिरा थांबणारं दुखणं म्हणजे हाडाला बारीक तडा जात असण्याची शक्यता. असेलच असं मी इथून म्हणत नाही, पण तसं धरूनच वागायचं. अस्थिरोग तज्ज्ञांना दाखव. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा तुझ्या जवळच्या डॉक्टरांकडे. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून धावायला लागू नकोस. पहिले दोन-तीन आठवडे तडा एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, गरज पडली तर डॉक्टर एमआरआय सांगतील. उड्या मारून दुखतंय का हे सारखं तपासत बसू नकोस.

पाळी अनियमित झाली आहे का, मध्ये थांबली आहे का, खाणं कमी झालंय का, हेही डॉक्टरांना न संकोचता सांग. अंगात जेवढं जातं त्यापेक्षा जास्त खर्च होत राहिलं की हाडं कमकुवत होतात. मुलींमध्ये याचं पहिलं लक्षण बहुधा पाळीतच दिसतं.

मांडवीकाठ

फिजिओताईंचं ऐक, शर्यती पुढच्या वर्षीही आहेत.

९ वरून १५ या उडीबद्दल लिहितो, कारण असली वेळापत्रकं अनेकांच्या मोबाइलमध्ये आहेत. २०२५ साली पाच हजारांहून जास्त धावणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याची बेरीज किती वाढली यापेक्षा, मागच्या ३० दिवसांतल्या सर्वात लांब धावेपेक्षा एखादी धाव १० टक्क्यांहून जास्त लांब गेली का, याच्याशी दुखापतींचा संबंध जास्त दिसला. म्हणजे ९ नंतरची पुढची लांब धाव १० च्या आत. रविवारची एकच धाव फुगवायची आणि बाकी आठवडाभर पाय हलवायचे नाहीत, ही सवय आपल्याकडे फार आहे. वेळापत्रकात तारखेपुढे काय लिहिलंय ते मागच्या महिन्यातल्या आपल्या धावांशी ताडून बघा.

आणि दुखापती टाळण्यासाठी आठवड्यातला अर्धा तास कुठे घालायचा असा कोणी प्रश्न केला, तर माझं उत्तर ताकदीचा व्यायाम. २०१४ साली २५ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला, त्यात २६ हजारांहून अधिक जण होते. ताकदीच्या व्यायामाने खेळातल्या दुखापती एक तृतीयांशाहूनही खाली आल्या, स्ट्रेचिंगने काही फरक दिसला नाही. त्या चाचण्या अनेक खेळांतल्या होत्या, नुसत्या धावण्याच्या नव्हत्या, हे लक्षात ठेवूनही मला दिशा स्पष्ट वाटते. टाचा उचलणं, एका पायावर बसणं-उठणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, कुशीवर झोपून पाय वर घेणं. आठवड्यातून दोनदा. जिमची गरज नाही.

पहिली_हाफ

शुक्रवारची वेळ घेतली आहे, आई बरोबर येतेय. तोवर पोहले तर चालेल का? दम टिकावा एवढीच इच्छा आहे.

फिजिओ_फोंडा

चालताना दुखत नसेल आणि पाण्यात दुखत नसेल तर पोह. भिंतीला पायाने ढकलून वळू नकोस, हळू वळ. सायकलबद्दल डॉक्टरांना विचार.

सगळ्यांसाठी अजून एक, कारण पोटरीचा विषय झाला तेव्हा राहून गेलं. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, लाल झाली, आणि धावण्याशी त्याचा मेळ बसत नाही, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, ऑपरेशननंतर किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना, तर ताणू नका, चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शिरेत गुठळी असू शकते. त्याबरोबर धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा.

शाळामास्तर

सगळं वाचून काढलं. एक ठोस मागणी करतो. माझा तास ४० मिनिटांचा, त्यातली कपडे बदलणं, हजेरी यात दहा जातात. मैदान मातीचं, मुलं पन्नासच्या आसपास. आधी काय आणि शेवटी काय, एवढं सांगा. तक्ता करून भिंतीवर लावतो.

मांडवीकाठ

मास्तर, सुरुवातीची सहा मिनिटं: मैदानाला दोन हळू फेऱ्या, मग रांगा करून वीसेक पावलांच्या पट्ट्यात एकामागून एक गुडघे वर, टाचा मागे, चालते लंजेस, बाजूने सरकणं, घोट्यावर छोट्या उड्या. पाय झुलवताना एकमेकांच्या खांद्याला धरू द्या, जागा कमी लागते आणि लहान मुलांना ते आवडतं. शेवटी दोन छोट्या धावा, पहिली अर्ध्या वेगाने, दुसरी पाऊण. कबड्डी किंवा अडथळे असतील त्या दिवशी या धावांआधी जांघेचा आणि मांडीचा १५-१५ सेकंदांचा ताण घाला.

शेवटची चार मिनिटं: फेरीभर चालणं, मग पोटरीचे दोन्ही ताण आणि जांघेचा. ज्यांची उकिडवं बसताना टाच उचलते त्यांना गुडघा वाकवून द्यायचा पोटरीचा ताण रोज घरीही करायला सांगा, भिंत सगळ्यांकडे असते.

फिजिओ_फोंडा

तक्त्यावर मोठ्या अक्षरांत एक ओळ घाला: "टोचलं तर सांगा." वाढत्या वयात, साधारण ८ ते १५, टाचेच्या मागे किंवा गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला दुखणारी मुलं असतात. तिथे हाड अजून वाढत असतं आणि स्नायूची ओढ त्याच जागी येते. त्या मुलांना जोराने ताणायला लावू नका. त्या दिवशी उड्या बंद, चालणं आणि झेल-फेक चालू, आणि पालकांना चिठ्ठी.